लडलोमधलं जुनं घर, पाच किलोवॅटचा स्टोव्ह आणि भट्टीत वाळवलेलं लाकूड

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही उत्तराचा संदर्भ लागेल. तुम्ही बर्मिंगहॅम सोडून श्रॉपशायरमधल्या लडलोला, ब्रॉड स्ट्रीटजवळच्या एका जुन्या घरात राहायला आलात. बैठकीच्या खोलीत आधीच्या मालकांनी बसवलेला पाच किलोवॅटचा लाकडाचा स्टोव्ह आहे. ‘किल्न-ड्राइड’ म्हणजे भट्टीत वाळवलेलं लाकूड महाग वाटतंय, आणि गावाबाहेरचा एक शेतकरी जवळपास निम्म्या पैशांत ट्रेलरभर लाकूड आणून टाकायला तयार आहे. कुठलं घ्यावं, किती घ्यावं, ते घरापर्यंत आणायचं कसं आणि ठेवायचं कुठे, हे तुम्ही विचारलंत. शिवाय डिसेंबरात साताऱ्याहून सासूबाई येणार आहेत, त्यांना दमा आहे, तर स्टोव्ह पेटवावा का, हेही.

घरोघरी जळण पोचवणं हाच माझा बरीच वर्षं धंदा आहे, हे आधीच सांगतो. म्हणून जे सांगेन ते तुम्हाला स्वतः पडताळता येईल अशा रीतीनेच सांगतो.

या हिवाळ्यासाठी भट्टीत वाळवलेलंच घ्या. शेतकऱ्याचं लाकूड वाईट असेल असं नाही, पण ते वाळवायला जो वेळ लागतो तो आता तुमच्या हातात नाही. पैसे देताना मात्र दोनच गोष्टी बघा: फाळीच्या पोटात पाणी किती आहे, आणि रचल्यावर लाकूड प्रत्यक्षात किती भरतं. पिशवीवर काय छापलंय ते त्यानंतर.

पाण्यापासून सुरुवात करतो. नुकतंच तोडलेलं ओकचं खोड वजनाने जवळजवळ निम्मं पाणीच असतं. ॲश या झाडाच्या लाकडात पाणी मुळातच कमी, साधारण एक तृतीयांश. म्हणून ॲश लवकर वाळतं. फोडून, वर छप्पर आणि बाजूंनी वारा अशा जागी रचलं तर ते एखाद्या चांगल्या उन्हाळ्यात, फार तर वर्षभरात जळण्याजोगं होतं. ओकला दोन वर्षं लागतात, जाड फाळ्यांना त्याहून जास्त. भट्टीत हेच काम काही दिवसांत उरकतं. फोडलेलं लाकूड जाळीदार क्रेटमध्ये भरून बंद खोलीत ठेवतात, पंख्याने गरम हवा खेळवतात आणि दमट हवा बाहेर काढत राहतात. ही उष्णता बहुतेक ठिकाणी लाकडाचेच तुकडे, साल नि चुरा जाळून मिळवतात. २०११ ते २०२१ या काळात इथे अशा बॉयलरना सरकारी अनुदान मिळत होतं, त्या दहा वर्षांत गावोगावी लाकडाच्या भट्ट्या उभ्या राहिल्या.

ओल्या लाकडाबद्दल एक गोष्ट नेहमी ऐकायला मिळते, की त्याची अर्धी उष्णता पाणी आटवण्यातच जाते. आकडेमोड केली तर चित्र वेगळं दिसतं. वीस टक्के ओलाव्याचं एक किलो लाकूड साधारण चार युनिट उष्णता देतं आणि पन्नास टक्के ओलाव्याचं सव्वादोनच्या आसपास. पण हा फरक मुख्यतः यासाठी की दुसऱ्या किलोत लाकूडच अर्धा किलो आहे. एक किलो पाण्याची वाफ करायला पाऊण युनिटहूनही कमी ऊर्जा लागते. तेवढंच नुकसान असतं तर कुणी फारशी तक्रार केली नसती.

खरा घात आगीचं तापमान उतरल्यामुळे होतो. लाकूड तापलं की त्यातून वायू सुटतात, आणि लाकडातली निम्म्याहून अधिक उष्णता त्या वायूंमध्ये असते. ते नीट पेटायला सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. ओली फाळी टाकली की वाफेने आग थंडावते, वायू न जळताच धूर होऊन वर निघून जातात आणि धुराड्याच्या गार भिंतीवर डांबरासारखा चिकट थर धरतात. त्याला क्रिओसोट म्हणतात. स्टोव्हची काच तासाभरात काळी पडते, खोली गरम होत नाही, म्हणून माणूस आणखी लाकूड टाकतो, धूर आणखी वाढतो. पुढे एखाद्या दिवशी आग चांगली भडकली की तो साचलेला थरच पेट घेतो. लडलोसारख्या गावात, जिथे घराला घर चिकटलेलं आहे आणि जॉर्जियन काळातल्या, म्हणजे अठराव्या शतकाच्या सुमाराच्या, विटांच्या दर्शनी भिंतीमागे कित्येकदा त्याहून जुना लाकडी सांगाडा उभा आहे, तिथे धुराड्याची आग एका घरापुरती राहीलच असं नाही. या एवढ्याशा गावात जवळजवळ पाचशे इमारती संरक्षित वारशाच्या यादीत आहेत. मी ओलाव्याबद्दल इतका हट्टी आहे तो यामुळे.

कायदाही याच कारणासाठी आला. १ मे २०२१ पासून इंग्लंडमध्ये दोन घनमीटरपेक्षा कमी लाकूड विकायचं असेल तर त्यात वीस टक्क्यांहून जास्त ओलावा चालत नाही, आणि त्यावर ‘रेडी टू बर्न’ची खूण, विक्रेत्याचं नाव व प्रमाणपत्राचा क्रमांक असावा लागतो. ही प्रमाणपत्रं वुडशुअर ही संस्था देते, त्यांच्या यादीत विक्रेत्याचं नाव शोधता येतं. लहान विक्रेत्यांना वर्षभराची सवलत होती, तीही मे २०२२ मध्ये संपली. दोन घनमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर ओलं लाकूड विकणं कायदेशीर आहे, फक्त ते जाळण्याआधी वाळवावं लागेल आणि कसं वाळवायचं हे विक्रेत्याने गिऱ्हाइकाला सांगायला हवं. तुमचा शेतकरी ट्रेलरभरच का देतोय, अर्धा ट्रेलर का नाही, त्याचं कारण बहुधा हेच. तो काही लपवत असेल असं मानू नका, त्याला सरळ विचारा: झाड कधी पडलं, फोडलं कधी, आणि तेव्हापासून ते छपराखाली आहे का? ‘दोन वर्षांचं आहे’ या उत्तरावर थांबू नका. ओंडका न फोडता दोन वर्षं बांधावर पडून असेल तर आतून तो अजून ओलाच असतो. सालीतून पाणी फारसं बाहेर पडत नाही. लाकूड वाळायला लागतं ते फोडल्या दिवसापासून.

आता मोजायचं कसं ते. ओलाव्याचं साधं मीटर वीस-पंचवीस पौंडांत मिळतं, ते घ्याच. लाकूड आलं की ढिगाच्या वरून, मधून आणि तळातून दोन-दोन फाळ्या काढा. बाहेरच्या बाजूला किंवा टोकाला मीटर टोचू नका, तिथे आकडा नेहमीच गोड दिसतो. कुऱ्हाडीने फाळी उभी चिरा आणि नुकत्या उघडलेल्या आतल्या अंगावर, मध्यभागी, मीटरच्या दोन्ही सुया लाकडाच्या रेषांच्या दिशेने घट्ट दाबा. भट्टीत घाईने वाळवलेल्या लाकडाची चोरी इथेच पकडली जाते: बाहेर बारा, आत अठ्ठावीस. दोन फाळ्या एकमेकींवर आपटून बघा. वाळलेल्या असतील तर खणखणीत आवाज येतो, ओल्या असतील तर बद्द. पेटवल्यावर टोकांना फेस आला आणि सूं सूं आवाज झाला तर मीटर काहीही सांगो, त्या लाकडात पाणी आहे.

मीटरच्या बाबतीत एक बारकावा आहे, त्यावरून गिऱ्हाईक आणि विक्रेता यांची विनाकारण भांडणं होतात. सरकारी वीस टक्के हे एकूण वजनावर मोजलेले असतात: एक किलो जळणात दोनशे ग्रॅम पाणी. पण बाजारातली बरीच मीटरं सुतारकामासाठी बनवलेली असतात आणि ती कोरड्या लाकडाच्या वजनावर टक्केवारी दाखवतात. त्या हिशेबाने आठशे ग्रॅम लाकडात दोनशे ग्रॅम पाणी म्हणजे पंचवीस टक्के. तेव्हा तुमच्या मीटरवर बावीस दिसले म्हणून लगेच तक्रारीचा फोन करू नका. आधी मीटरच्या माहितीपत्रकात ते कुठल्या पद्धतीने मोजतं ते बघा.

फार कोरडं लाकूडही बरं नाही. दहा-बारा टक्क्यांच्या खाली गेलेलं लाकूड भराभर पेटतं, एकदम इतके वायू सोडतं की स्टोव्हला तेवढी हवा पुरत नाही. धूर होतो, स्टोव्ह गरजेपेक्षा तापतो आणि आतल्या विटांना तडे जातात. ‘आमचं लाकूड आठ टक्क्यांवर आणलंय’ असं कुणी अभिमानाने सांगितलं तर मी तरी ते घेणार नाही. चौदा ते अठराच्या दरम्यान असलेलं लाकूड शांतपणे, लांब ज्योतीने जळतं.

आता किती घ्यायचं. आपल्याकडच्या वखारीत लाकूड काट्यावर मिळायचं, इथे ते घनमीटरवर विकतात. त्यातला फायदा असा की पाण्याचे पैसे पडत नाहीत, कारण वजनावर घेतलं तर ओलं लाकूडच विक्रेत्याला परवडतं. पण घनमीटरमध्येही फसगत आहे. टिपरमधून ओतलेला किंवा पिशवीत भरलेला ‘मोकळा’ घनमीटर नीट रचला की जेमतेम पाऊण घनमीटरही भरत नाही, पॉइंट सहा-पॉइंट पासष्टपर्यंत उतरतो. ‘लोड’ या शब्दाला तर काहीच माप नाही. बांधकामाच्या मोठ्या पिशवीला लोक ‘बल्क बॅग’ म्हणतात, पण ती प्रत्येकाकडे वेगळ्या आकाराची असते. म्हणून फोनवर एकच प्रश्न विचारा: मोकळे किती घनमीटर, आणि क्रेट असेल तर आतून लांबी, रुंदी, उंची किती? जो विक्रेता हे लगेच सांगतो, त्याच्याकडे पुढच्याही गोष्टी सहसा सरळ असतात. घरगुती जळणावर पाच टक्के व्हॅट लागतो, सांगितलेल्या दरात तो धरलाय का तेही विचारून घ्या.

तुमचा हिशेब असा. पाच किलोवॅटचा स्टोव्ह पूर्ण ताकदीने चालवला आणि त्याची कार्यक्षमता पंचाहत्तर टक्के धरली, तर तासाला सुमारे पावणेदोन किलो लाकूड लागतं. रोज संध्याकाळी चार तास म्हणजे सात किलो. नोव्हेंबर ते मार्च रोज पेटवणार असाल तर हजार किलोंच्या आसपास लागेल. ॲशसारख्या वाळलेल्या लाकडाचा मोकळा घनमीटर तीनशे किलोंच्या जवळपास भरतो, म्हणजे साडेतीन घनमीटर. फक्त शनिवार-रविवार आणि सणासुदीला पेटवणार असाल तर सव्वा घनमीटर पुरे.

याच आकड्यांवरून किंमतही ताडून बघा. तीनशे किलो म्हणजे बाराशे युनिट, त्यातली नऊशेच्या आसपास खोलीत येतात. समजा घनमीटरला १८० पौंड पडले, तर एका युनिटला वीस पेन्स झाले. हा दर तुमच्या गॅस बिलावरच्या दराशेजारी ठेवा. बहुतेक घरांत गॅसच स्वस्त निघतो. लाकडाने बिल कमी होईल या आशेने घेणार असाल तर मी घेऊ नका असंच सांगेन. फुकटात स्वतःचं लाकूड असेल, किंवा मोठं गार घर पूर्ण न तापवता एकच खोली उबदार ठेवायची असेल, तेव्हा हिशेब बदलतो. आणि वीज गेली तरी ऊब राहते, हेही त्याच पारड्यात टाका.

झाडाच्या जातीचं स्तोम लोक उगाच माजवतात. किलोमागे उष्णता सगळ्या वाळलेल्या लाकडांत जवळपास सारखीच असते, फरक घनतेत आहे. ओक, बीच, हॉर्नबीम, ॲश जड, म्हणून फाळी जास्त वेळ टिकते. बर्च लवकर पेटतं, सुरुवातीला उत्तम. पाइन, स्प्रूससारखं हलकं लाकूडही नीट वाळलेलं असेल तर बंद स्टोव्हमध्ये बिनधास्त चालतं, फक्त पुन्हा पुन्हा टाकावं लागतं. सध्या ॲश मुबलक आहे त्यामागे एक दुःखाची गोष्ट आहे. ॲश डायबॅक नावाचा बुरशीचा रोग २०१२ साली ब्रिटनमध्ये पहिल्यांदा आढळला आणि देशातली बहुसंख्य ॲशची झाडं त्यात जातील असा अंदाज आहे. रस्त्याकडेची वाळत चाललेली झाडं पडून अपघात होऊ नयेत म्हणून तोडावीच लागतात, आणि ती जळणात येतात. लडलोच्या आसपासच्या रानांतून आलेलं असं लाकूड मिळत असेल तर लॅटव्हिया-लिथुएनियाहून ट्रकने आणि बोटीने आलेल्या क्रेटपेक्षा तेच घ्या. कुठून आलंय हे विचारायला संकोच नको. बाहेरून आलेलं लाकूड वाईट असतं असं म्हणत नाही, वाळवण्यात ते बरेचदा फार नेटकं असतं. पण शेजारी झाडं पडत असताना समुद्रापलीकडून जळण आणणं मला पटत नाही.

जुनी रंग दिलेली लाकडं, पॅलेटच्या फळ्या, दुरुस्तीत निघालेल्या जुन्या खिडक्या यांतलं काहीही स्टोव्हमध्ये टाकू नका. तुमच्या घराच्या वयाचा विचार करता त्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता आहे.

आता लाकूड दारापर्यंत आणायचं कसं, हे या गावात खरंच विचार करून ठरवावं लागतं. बहुतेक विक्रेते ‘कर्बसाइड’ पोचवतात, म्हणजे रस्त्याच्या कडेपर्यंत. तिथून आत नेणं तुमच्याकडे. मोठ्या क्रेटचं लाकूड टेल-लिफ्टच्या, म्हणजे मागे खालीवर होणारी फळी असलेल्या, ट्रकमधून पॅलेट-ट्रकवर, म्हणजे हाताने ओढायच्या बुटक्या गाडीवर उतरतं, आणि पॅलेट-ट्रकची ती छोटी चाकं खडीवर किंवा दगडी फरसावर एक फूटही सरकत नाहीत. टिपर ओतायचा तर ढीग फुटपाथवर पडतो, तो तसा सोडून जाता येत नाही, लगेच उचलावा लागतो. गावाच्या तटबंदीला एके काळी सात दरवाजे होते, त्यातला ब्रॉड गेट तेवढा उरलाय, आणि त्याच्या कमानीतून मोठी गाडी न्यायचं मी तरी मनात आणत नाही. वरच्या बाजूने यायचं तर सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार कॅसल स्क्वेअरमध्ये बाजार भरतो आणि आसपासच्या गल्ल्यांत गाडी लावायला जागा उरत नाही. तेव्हा मंगळवारची सकाळ मागा. ऑर्डर देतानाच रस्त्याची रुंदी, पायऱ्या, दाराशेजारच्या बोळाची रुंदी आणि ढकलगाडी आत जाते का ते सांगा. तुमच्यासारख्या घरांना मी सहसा जाळीच्या लहान पिशव्या सुचवतो. घनमीटरमागे थोडे जास्त पैसे पडतात, पण त्या बोळातून हातानं नेता येतात आणि पाठ शाबूत राहते. रचून देण्याचे वेगळे पैसे घेणारेही असतात, वयस्कर माणसांनी ते जरूर द्यावेत.

ठेवायचं कुठे? तुम्ही लिहिलंय की फुटपाथखाली जुनी कोळशाची तळखोली आहे, तिथे ठेवावं म्हणता. नका ठेवू. कोळशाला ओल बाधत नव्हती, लाकडाला बाधते. वारा नसलेल्या दमट तळघरात भट्टीत वाळवलेलं लाकूड हवेतलं पाणी परत ओढून घेतं आणि काही आठवड्यांत त्यावर बुरशी दिसते. भट्टीतून निघालं म्हणजे ते कायमचं वाळलं असं होत नाही. उघड्या छपरीत ते इथल्या हवेशी जुळवून घेत चौदा-सोळा टक्क्यांवर स्थिरावतं, आणि तेवढं आपल्याला चालतंच. वाईट असतं ते पाऊस लागणं आणि कोंडणं. पिशवीसकट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेलं लाकूड म्हणजे पुरत्या न वाळलेल्या कुरडया डब्यात भरण्यासारखं आहे.

या गावातल्या बऱ्याच घरांना मागे लांब, अरुंद परस आहे. मध्ययुगात रस्त्याकडेचा दर्शनी भाग महाग म्हणून जमिनीचे पट्टे असे पाडले गेले. तुमच्याही घरामागे तसा असेल तर तिथे छपरी करा: जमिनीपासून वीतभर उंच, मागे-पुढे फटी, वर पुढे आलेलं पत्र्याचं किंवा फळ्यांचं छप्पर. घर संरक्षित यादीत असेल तर आवारात काहीही उभारण्याआधी कौन्सिलला विचारा, लाकडाची साधी छपरीसुद्धा. घराच्या भिंतीला टेकवून रचू नका, निदान चार बोटं जागा सोडा. लाकडी सांगाड्याच्या घरात भिंतीशी ओल धरली तर पायाची तुळई कुजते, आणि ती बदलण्याचा खर्च कित्येक हिवाळ्यांच्या जळणाहून जास्त असतो. वाळवीसदृश किड्यांची भीती बऱ्याच जणांना वाटते. जळणाच्या सालीखाली सापडणारे बहुतेक किडे घराच्या जुन्या कोरड्या तुळयांत जगू शकत नाहीत, आणि भट्टीत लाकूड गाभ्यापर्यंत पुरेसं तापलं असेल तर अळ्या मेलेल्याच असतात. पॅकिंगच्या लाकडासाठी आंतरराष्ट्रीय नियम गाभ्याचं तापमान ५६ अंश, तीस मिनिटं असा आहे. घरात मात्र दोन-तीन दिवसांपुरतंच लाकूड आणा, आणि स्टोव्हच्या अगदी जवळ कधीच रचू नका. वरच्या मजल्यावर साठा नको, कारण रचलेला एक घनमीटर साडेचारशे किलोंच्या पुढे जातो आणि जुन्या लाकडी जमिनीला ते ओझं पेलेल याची खात्री नसते.

पहिल्यांदा पेटवण्याआधी धुराडं साफ करून घ्या. आधीच्या मालकांनी काय जाळलं ते तुम्हाला माहीत नाही, आणि न वापरलेल्या धुराड्यांत इथे जॅकडॉ पक्षी पोतंभर काटक्यांचं घरटं करतात. साफ करणाऱ्याला विचारा की आत स्टीलची नळी आहे का आणि तिची अवस्था कशी आहे. जुन्या रांगेतल्या घरांत दोन घरांची धुराडी एकाच भिंतीत शेजारी शेजारी असतात, मधला गिलावा झडला असेल तर तुमचा धूर शेजाऱ्याच्या झोपायच्या खोलीत निघू शकतो. रोजच्या वापराला वर्षातून दोनदा सफाई हवी, कमी वापराला एकदा. स्टोव्ह बसवल्याचं प्रमाणपत्र घराच्या कागदपत्रांत शोधा, विमा कंपनी तेच मागते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म स्टोव्हपासून आडवं एक ते तीन मीटर अंतरावर, छतावर लावायचा तर भिंतीपासून तीस सेंटिमीटर सोडून. हे काम आजच करा, लाकूड येण्याची वाट बघू नका. थंडी येते म्हणून खिडक्यांच्या सगळ्या फटी बुजवल्या असतील, किंवा स्वयंपाकघरातला मोठा पंखा चालू असेल, तर तो पंखा धूर उलटा खोलीत ओढतो का तेही एकदा दार लावून तपासा.

पेटवताना दोन-तीन फाळ्या तळाला, त्यावर बारीक काटक्या आणि सर्वांत वर पेटवण. आग वरून खाली येऊ द्या. अशाने सुटणारा धूर ज्वाळेतूनच जातो आणि बराचसा जळतो. फाळी मनगटाहून थोडी जाड, स्टोव्हच्या रुंदीपेक्षा पाच सेंटिमीटरने तरी आखूड. ज्वाळा विझून लाल निखारे उरले की एक-दोन फाळ्या टाका, आणि त्या धरेपर्यंत हवा पूर्ण उघडी ठेवा. रात्री हवा बंद करून स्टोव्ह धुमसत ठेवण्याची जुनी सवय इथल्या लोकांना आहे. उत्तम वाळलेल्या लाकडाचासुद्धा त्यात काळाकुट्ट धूर होतो. तुमचा पत्ता धूर-नियंत्रण क्षेत्रात येतो का ते कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासा. येत असेल तर मान्यताप्राप्त स्टोव्हशिवाय लाकूड जाळता येत नाही, आणि धुराड्यातून धूर दिसला तर १७५ ते ३०० पौंड दंड होऊ शकतो. येत नसला तरी इतक्या दाट वस्तीत धुराची तक्रार शेजारी करू शकतात, आणि कौन्सिल ती ऐकून घेते.

आता सासूबाई. इथे मला माझ्या धंद्याविरुद्ध बोलायला काहीच वाटत नाही. सर्वांत कोरडं लाकूड, सर्वांत नवा स्टोव्ह असला तरी लाकूड टाकायला दार उघडलं की सूक्ष्म कण खोलीत येतात, आणि दम्याच्या फुफ्फुसांना ते त्रास देतात. ‘रेडी टू बर्न’चा अर्थ धूर कमी, धूर नाही असा नव्हे. त्या असतील तेवढे दिवस खोली गॅसच्या हीटिंगवर गरम ठेवा. त्यांना आग बघायची हौस असेलच तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, आणि होकार मिळाला तरी त्या स्टोव्हपासून लांब बसतील, तुम्ही आग चांगली धरल्यावरच त्यांना खोलीत बोलवाल असं करा. राख काढायचं काम त्या बाहेर फिरायला गेल्यावर करा, ती पूर्ण थंड झाल्यावर आणि धातूच्या झाकणाच्या बादलीत.

तेव्हा पाहुण्यांच्या मुक्कामात स्टोव्ह बंद राहणार हे धरलं तर साडेतीन घनमीटर एकदम मागवू नका. आत्ता प्रमाणपत्र असलेल्या स्थानिक विक्रेत्याकडून एक घनमीटर, जाळीच्या पिशव्यांत, पंचवीस सेंटिमीटर लांबीच्या फाळ्या असं सांगून मागवा. आल्या दिवशीच सहा फाळ्या चिरून मोजा आणि आकडे लिहून ठेवा. ठीक निघाले तर जानेवारीत त्याच्याकडूनच पुढचं घ्या. शेतकऱ्याला नाही म्हणू नका. परसात छपरी उभी राहिली की मार्चमध्ये त्याच्याकडून तीन घनमीटर ओलं ॲश घ्या, फोडलेलं. वारा लागेल असं रचा, ऑक्टोबरात आतून मोजा, वीसच्या वर असेल तर त्याच्या पुढच्या हिवाळ्यापर्यंत हात लावू नका. जागा असलेल्या माणसाला दरवर्षी भट्टीचे पैसे भरायची गरज नाही.